जुन्या वॉशिंग मशीनचे साल आणि कंपनी ठरवताना वारंवार होणारा घोळ : कारणे आणि उपाय

लिलावातून, भंगाराच्या गोदामातून किंवा एखाद्या नातेवाइकाच्या तळघरातून जुने वॉशिंग मशीन मिळते. त्याच्या नेमप्लेटवर एक साल असते, मोटारीवर भलत्याच कंपनीचे नाव असते, कपडे पिळायच्या रुळांवर तिसरेच नाव ओतलेले असते आणि विकणाऱ्याने चौथीच हकिगत सांगितलेली असते. त्यांतले एक साल खरे मानून घेणारा माणूस सील, पट्टा किंवा रबराचे रूळ मागवतो आणि ते बसत नाहीत. मग दुसरे साल धरून पुन्हा मागवतो आणि पुन्हा तेच होते. अमेरिकेतल्या आयोवा-इलिनॉयकडच्या शेतघरांच्या लिलावात जाणाऱ्या मराठी मंडळींची ही जशी तक्रार असते, तशीच ती मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्यांचीही असते. ही मशिने मुख्यतः अमेरिकेत आणि थोडीफार ब्रिटन-जर्मनीत बनलेली असल्यामुळे खालचा बराचसा भाग तिकडच्या मशिनांबद्दल आहे. भारतीय मशिनांचा विचार शेवटाकडे केला आहे.

घोळाचे मूळ या यंत्रांच्या दीर्घायुष्यात आहे. घरगुती वॉशिंग मशीन ही त्या काळी महागडी, जड आणि हमखास दुरुस्त होऊ शकणारी वस्तू होती. ती तीस-चाळीस वर्षे वापरात राहिली, तेवढ्यात तिचे इंजिन निघून विजेची मोटार बसली, रूळ झिजल्यावर पिळणीचा अख्खा जोड बदलला गेला, वायरिंग नवी झाली, आणि अलीकडच्या काळात हौशी माणसाच्या हाती पडल्यावर कधी कधी दोन मशिनांचे एक मशीनही झाले. म्हणून साल विचारायचे ते प्रत्येक भागाला वेगळे विचारावे लागते, आणि जो भाग जितका सहज निघतो तितकी त्याची साक्ष कच्ची धरावी लागते. नेमप्लेट दोन-चार स्क्रूंवर असते, मोटार पट्टा सैल करून बोल्ट काढले की हातात येते, पिळणीचा जोड तर उचलूनच काढता येतो. टबाचे ओतकाम आणि त्याखालची गिअरबॉक्स मात्र सहसा कोणी हौसेने बदलत नाही. बहुतेक जण नेमप्लेटपासून सुरुवात करून तिथेच थांबतात. तपास तिथून आत, टबाकडे आणि गिअरबॉक्सकडे जायला हवा.

तपास संपेपर्यंत मशीन विजेला जोडू नये. जुन्या वायरीवरचे रबर कापसाच्या विणीखाली वाळून भुगा झालेले असते आणि वरून ते धडधाकट दिसते. अमेरिकन मशीन ११० ते १२० व्होल्टवर आणि ६० सायकलवर (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तने होणाऱ्या विजेवर) चालण्यासाठी बनलेले असते. आपल्याकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण ५० सायकलची वीज ६० सायकलची होत नाही, त्यामुळे इंडक्शन मोटार सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि जास्त तापते. मोटारीच्या पाठीवरचा जुना कपॅसिटर फोडून पाहण्याच्या फंदात पडू नये, कारण त्या काळच्या अनेक कपॅसिटरांत पीसीबी नावाचे विषारी तेल असे. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९७९ मध्ये बंद झाले, आणि म्हणूनच कपॅसिटरवर ‘नो पीसीबी’ असे छापलेले आढळले तर तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा आहे हेही कळते.

नेमप्लेट वाचण्याआधी नेमप्लेट तपासा

पुष्कळ जण प्लेट चकचकीत करण्यासाठी तारेचा ब्रश किंवा सँडपेपर फिरवतात आणि जे वाचायचे तेच घासून टाकतात. प्लेटवरचा कायमचा मजकूर, म्हणजे कंपनीचे नाव, गाव आणि पेटंटांची यादी, कारखान्यात एकदम छापलेला किंवा कोरलेला असतो; मॉडेल आणि अनुक्रमांक मात्र नंतर हाताने, ठोक्याने उमटवलेले असतात आणि ते फार उथळ असतात. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेला मऊ कपडा काही वेळ प्लेटवर ठेवावा, मळ सुटला की खोली अंधारी करून टॉर्च प्लेटला जवळजवळ समांतर धरावा. समोरून प्रकाश टाकल्यावर न दिसणारे अंक कडेच्या उजेडात सावली टाकून उभे राहतात. तरीही वाचता आले नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी. ३ आणि ८, १ आणि ७ यांतला संशय बहुधा तिथे मिटतो.

मग प्लेट कशाने बसवली आहे ते पाहावे. कारखान्यातून निघालेल्या प्लेटला साधारणपणे रिव्हेट किंवा हातोडीने ठोकून बसवायचे, डोक्याला खाच नसलेले स्क्रू असतात. त्यांच्या जागी खाचेचे स्क्रू असतील तर प्लेट एकदा तरी निघालेली आहे असे समजावे. आपल्याकडे ज्याला स्टार स्क्रू म्हणतात तो फिलिप्स स्क्रू असेल, तर आणखी एक गोष्ट हाती लागते : हा स्क्रू मोटारगाड्यांच्या कारखान्यांत १९३६ च्या सुमारास रुळला, म्हणून विसाच्या दशकातल्या म्हटल्या जाणाऱ्या मशीनवर तो मूळचा असूच शकत नाही. प्लेट आधीच सैल असेल तर तिच्या खालचा रंग पाहावा. बाहेरचा रंग आणि प्लेटखालचा रंग एकच असेल आणि त्यावर प्लेटच्या आकाराचा ठसाही नसेल, तर मशीन रंगवल्यानंतर ती प्लेट तिथे आलेली आहे.

पेटंटची तारीख म्हणजे मशीनचे साल नव्हे

हा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज आहे. प्लेटवर १९०९ ची पेटंटची तारीख दिसली की मशीन १९०९ चे ठरते, आणि विक्रीच्या जाहिरातीत त्यापुढे ‘जगातले पहिले’ ही शेपटीही लागते. पेटंटची तारीख एवढेच सांगते की प्लेट त्यापूर्वीची नाही. एकदा मिळालेले पेटंट कंपनी पुढे वर्षानुवर्षे छापत राहते, म्हणून यादीतली सर्वांत जुनी तारीख निरुपयोगी आणि सर्वांत नवी तारीख कामाची असते.

अमेरिकेत १९२७ मध्ये पेटंटच्या खुणेचा नियम बदलला आणि तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक छापणे आवश्यक झाले. त्यामुळे ज्या प्लेटवर नुसत्या तारखा आहेत ती बहुधा त्याआधीची आणि जिच्यावर क्रमांक आहेत ती बहुधा त्यानंतरची असते, असा पहिला ढोबळ भेद करता येतो. क्रमांकावरून वर्ष काढणे सोपे आहे, कारण ते सलग चालत आले आहेत : १९०० ची सुरुवात ६४०,१६७ पासून झाली, १९१० ची ९४५,०१० पासून, १९२० ची १,३२६,८९९ पासून, १९३० ची १,७४२,१८१ पासून, १९३५ ची १,९८५,८७८ पासून, १९४० ची २,१८५,१७० पासून आणि १९५० ची २,४९२,९४४ पासून. (स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने तीन-तीन अंकांवर आहेत, आपल्या सवयीने लाखात वाचताना घाईत एक अंक खाल्ला जातो, तेवढे सांभाळावे.) उदाहरण घ्यायचे तर शिकागोच्या ॲल्व्हा फिशर यांचे प्रसिद्ध पेटंट ९६६,६७७ क्रमांकाचे आहे, म्हणजे ते १९१० मध्ये मिळालेले आहे. विजेचे पहिले वॉशिंग मशीन याच फिशर यांनी शोधले असे सर्रास लिहिले जाते, परंतु विजेवर चालणारी मशिने त्यापूर्वीच बाजारात होती.

इथे एक मेख आहे. ‘डेस.’ किंवा ‘डी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक डिझाइनच्या पेटंटचा असतो आणि ‘आर.ई.’ ने सुरू होणारा पुन्हा दिलेल्या पेटंटचा असतो. दोन्हींची मालिका वेगळी आणि आकडे लहान असतात. वरच्या क्रमांकांशी त्यांची सांगड घातली तर तीसच्या दशकातले मशीन थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचते. ब्रिटिश क्रमांकांची रीतही निराळी आहे : १९१६ पूर्वी तिकडे दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू होत, म्हणून क्रमांकासोबत वर्ष नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, १९१६ पासून १००,००१ या आकड्याने सलग मालिका सुरू झाली. जर्मन प्लेटवर डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. ही अक्षरे असतील तर नोंदणी जुन्या जर्मन राइशच्या काळातली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपूर्वीची आहे.

नावांची फसवणूक

सालाइतकाच घोळ कंपनीच्या नावाने होतो, आणि त्यातला सगळ्यात गमतीदार नमुना ‘१९००’ या आकड्याचा आहे. टबावर ठळक ‘१९००’ असे लिहिलेले मशीन पाहून ते त्याच सालचे आहे अशी खात्री धरणारे पुष्कळ भेटतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथल्या कंपनीचे नावच नाइन्टीन हंड्रेड वॉशर कंपनी असे होते. तिची मशिने त्या सालानंतर कितीतरी वर्षे विकली जात होती. १९२९ मध्ये ती मिशिगनमधल्या अप्टन मशीन कंपनीशी एक झाली आणि त्या जोडकंपनीतूनच पुढे व्हर्लपूल हे नाव आले. असाच दुसरा चकवा आयोवातल्या न्यूटन गावचा आहे. तिथे ऑटोमॅटिक वॉशर कंपनी नावाचा कारखाना होता, त्यामुळे हाताने रुळांत कपडे घालावे लागणाऱ्या मशीनवरही ‘ऑटोमॅटिक’ असे झळकते आणि घेणारा त्यात टायमर शोधत बसतो.

पिळणीच्या जोडावर ‘लव्हेल’ हे नाव असेल तर मशीन लव्हेल कंपनीचे ठरत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची लव्हेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी अनेक मशीन-कारखान्यांना पिळणीचे जोड पुरवत असे. मोटारीवर जनरल इलेक्ट्रिक किंवा वेस्टिंगहाउस, इंजिनावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही नावे त्याच जातीची आहेत. ब्रिग्जच्या एका इंजिनाचे तर मॉडेलच ‘डब्ल्यू.एम.’, म्हणजे वॉशिंग मशीन, असे आहे. ही नावे भागाची ओळख पटवतात, यंत्राची नव्हे.

याच्या उलट अडचण दुकानाच्या नावाने विकलेल्या मशिनांची असते. केनमोर हे नाव सिअर्स, रोबक या पेढीचे; १९२७ मध्ये ते वॉशिंग मशीनवर प्रथम आले. मशीन मात्र सिअर्स स्वतः बनवत नसे. पुढच्या काळातल्या केनमोरच्या मॉडेल क्रमांकात टिंबाआधीचे तीन अंक कारखाना सांगतात, आणि ११० हा संकेत व्हर्लपूलचा आहे. याचा प्रत्यक्ष उपयोग असा की ११० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या केनमोरला त्या काळच्या व्हर्लपूलचे बहुतेक आतले भाग चालतात. त्या मशीनच्या पोटात गिअरबॉक्सवर ‘विग-वॅग’ नावाचे दोन विद्युतचुंबक डावी-उजवीकडे डुलत असतात, एक घुसळणीसाठी आणि दुसरा पिळण्यासाठी. हा जोड दिसला की वरचे नाव काही का असेना, वंश व्हर्लपूलचा आहे हे समजते. (अशा मशीनमध्ये पाणी काढले जाते पण ते पिळत नाही, अशी तक्रार असेल तर आधी या चुंबकांना जाणाऱ्या वायरी हाताने वाकवून पाहाव्यात, वर्षानुवर्षे डुलून तांब्याची तार कवचाच्या आत तुटलेली असते आणि बाहेरून काहीच कळत नाही.)

मेटॅग : इंजिन एका काळचे, टब दुसऱ्या काळचा

जमवणाऱ्यांकडे सर्वाधिक येणारे मशीन मेटॅगचे असते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने. फ्रेडरिक मेटॅग यांची कंपनी १८९३ मध्ये न्यूटनमध्ये शेतीच्या अवजारांसाठी सुरू झाली आणि १९०७ मध्ये तिने पहिले वॉशिंग मशीन काढले. १९२२ च्या जायराफोम मशीनने तिचे नशीब पालटले. त्यात लाकडी टबाच्या जागी ओतीव ॲल्युमिनियमचा टब आला आणि कपडे वरून ढवळण्याऐवजी टबाच्या तळाशी बसवलेला ॲजिटेटर पाणी घुसळू लागला. टब एका ओतात बनलेला असल्यामुळे तो टिकतो, आणि म्हणूनच तो सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. नंतरच्या काळात चौकोनी ॲल्युमिनियमचा टब ‘ई’ मालिकेचा आणि गोल, पोर्सिलेनचा मुलामा दिलेला टब ‘एन’ मालिकेचा, ही खूण दुरूनही उपयोगी पडते. पिळणीच्या रुळांचे मेटॅग १९८३ पर्यंत बनत होते, त्यामुळे ‘रूळ आहेत म्हणजे युद्धापूर्वीचे’ हे गणित मांडू नये. चाळिशीतल्या माणसाइतकेच वय असलेली रूळवाली मशिने बाजारात आजही भेटतात.

खरी गुंतागुंत खालच्या बाजूला आहे. तीसच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. इतरांसाठी मेटॅगने पेट्रोलवर चालणारे, पायाने पेडल मारून सुरू करायचे दोन-स्ट्रोक इंजिन बसवले. त्यातले एका सिलिंडरचे मॉडेल ९२ हे १९२७ च्या सुमारास आले आणि दोन सिलिंडरचे मॉडेल ७२ हे १९३७ मध्ये. ग्रामीण विद्युतीकरणाची संस्था १९३५ मध्ये स्थापन झाल्यावर जसजशी तार गावात पोहोचली तसतशी इंजिने निघाली आणि मोटारी बसल्या. निघालेली इंजिने फेकली गेली नाहीत. ती पाण्याच्या पंपाला, सायकलला, पोरांच्या खेळातल्या गाडीला लागली. आता चाक उलटे फिरते आहे : इंजिनाचे मशीन देखणे आणि महाग म्हणून मूळच्या मोटारीच्या मशीनखाली कुठून तरी मिळवलेले इंजिन बसवले जाते, आणि पुढे घेणारा इंजिनाच्या क्रमांकावरून मशीनचे साल काढतो.

हे ओळखायचे असेल तर मशीन कुशीवर निजवून खालची चौकट पाहावी. इंजिनाला एक्झॉस्टची लवचिक नळी लागते आणि ती दाराबाहेर सोडावी लागत असे. ती जायची जागा, पेडलसाठी पायाशी केलेली सोय आणि इंजिनाच्या बोल्टांची भोके मूळची असतील तर त्यांच्या कडांवर जुन्याच रंगाचा थर गेलेला असतो. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी, धारदार असते आणि आतला लोखंडाचा पृष्ठभाग वेगळ्या छटेने गंजलेला असतो. मोटारीच्या मशीनला याउलट स्विचची आणि वायर पायातून वर नेण्याची जागा असते. दोन्ही प्रकारच्या खुणा सापडल्या, तर अदलाबदल झाली आहे एवढे निश्चित, आणि ती कोणत्या दिशेने झाली हे भोकांच्या कडा सांगतात.

पत्ता, पोस्ट आणि युद्ध

प्लेटवरच्या पत्त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते अनुक्रमांकापेक्षा तो जास्त प्रामाणिक असतो. अमेरिकेत मोठ्या शहरांना १९४३ मध्ये पोस्टाचे एक-दोन अंकी विभाग मिळाले, म्हणून ‘शिकागो १२, इलिनॉय’ अशा धाटणीचा पत्ता १९४३ ते १९६३ यांच्या दरम्यानचा असतो. जुलै १९६३ मध्ये पाच अंकी झिप कोड आला आणि त्याच वर्षी राज्यांची दोन अक्षरी नावे ठरली. न्यूटनसारख्या लहान गावाला विभाग क्रमांक नव्हताच, तेव्हा मेटॅगच्या प्लेटवर तो नाही यावरून काही अनुमान काढू नये. जर्मन पत्त्यात चार अंकी क्रमांक असेल तर तो १९६१ ते १९९३ या काळातला आहे. ‘सायकल’ ऐवजी ‘हर्ट्झ’ हा शब्द अमेरिकन प्लेटवर दिसला तर मशीन साठच्या दशकाच्या अखेरीआधीचे असणे अवघड.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घरगुती वॉशिंग मशिनांचे उत्पादन १९४२ मध्ये थांबवले आणि ते १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यामुळे ‘१९४४ चे घरगुती मशीन’ असे कोणी म्हणाले, तर ते १९४२ चे किंवा १९४६ चे आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

अनुक्रमांकाबाबत एकच सूचना पुरे. अनेक कंपन्यांनी वर्षासाठी एक अक्षर किंवा एक अंक वापरला आणि काही वर्षांनी तीच मालिका पुन्हा फिरवली. व्हर्लपूल आणि मेटॅग या दोन्हींच्या स्वयंचलित मशिनांत हे आहे. संकेताचा तक्ता पाहून ‘हे १९६० चे’ असे ठरवण्यापूर्वी तेच अक्षर आणखी कोणत्या वर्षांना लागू पडते ते पाहावे आणि मग मशीनचा आकार, रंग व बटणे त्यांतल्या कोणत्या वर्षाला शोभतात त्यावरून निवड करावी.

आपल्याकडच्या मशिनांसाठी

भारतातल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची वंशावळ पाहिली तर ती अमेरिकन ॲजिटेटरकडे न जाता ब्रिटनकडे जाते. हूवर कंपनीने १९४८ मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथे कारखाना सुरू केला आणि टबाच्या बाजूच्या भिंतीत फिरती चकती, म्हणजे पल्सेटर, बसवलेले छोटे मशीन काढले. १९५३ मध्ये जपानच्या सान्योने त्याच तत्त्वावर एसडब्ल्यू-५३ हे मशीन आणले आणि पल्सेटर पूर्व आशियात रुळला. पुढे चकती बाजूच्या भिंतीतून तळाशी गेली, शेजारी पिळायचा दुसरा ड्रम आला, आणि आपल्या मोरीत उभे राहिलेले दोन टबांचे मशीन तयार झाले. म्हणून एखादे जुने मशीन मिळाले की आधी चकती कुठे आहे ते पाहावे. बाजूला असेल तर ते भारतातल्या ऐंशीच्या दशकातल्या लाटेतले नव्हे, बाहेरून आलेले जुने मशीन असण्याचा संभव जास्त.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या भारतीय मशीनवर पेटंटांची यादी सहसा नसते, पण पत्ता तितकाच बोलका असतो. सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा आहे. ‘बॉम्बे’ असे छापलेले असेल तर स्टिकरचा मजकूर बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा, आणि मुंबईचा दूरध्वनी क्रमांक आठ अंकी असेल तर तो २००२ नंतरचा. ‘पाँडिचेरी’चे पुदुच्चेरी २००६ मध्ये झाले. फ्रंट-लोडिंग मशीनवर आयएफबी आणि बॉश ही नावे सोबत दिसली तर ते १९९० च्या आसपास सुरू झालेल्या त्या दोन कंपन्यांच्या सहकार्याच्या काळातले, आणि पत्त्यात गोव्यातले वेर्णे असेल तर आयएफबीच्या तिथल्या कारखान्याशी त्याचा संबंध आहे. मात्र भारतीय मशीनवर बऱ्याचदा धातूच्या प्लेटऐवजी मागच्या पत्र्यावर चिकटवलेला कागदी किंवा प्लॅस्टिकचा स्टिकर असतो, आणि मोरीतल्या ओलीने तो पहिल्यांदा जातो. मशीन मिळाल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा. पुसायला घेतल्यावर तो बोळ्यासोबत निघून येतो.

साक्षी जुळत नसतील तेव्हा

समजा, एक मेटॅग मिळाले आहे. टब ओतीव ॲल्युमिनियमचा आहे, खाली एका सिलिंडरचे मॉडेल ९२ इंजिन आहे, पिळणीच्या जोडावर आडवा स्टार स्क्रू आहे आणि रिव्हेटने बसवलेल्या प्लेटवर सर्वांत मोठा पेटंट क्रमांक २,११०,००० च्या थोडा पुढचा आहे. या आकड्याचे पेटंट १९३५ नंतरचे आणि १९४० पूर्वीचे. पेटंटची यादी वर्षवार उघडली तर ते १९३८ चे निघते. प्लेट मूळची असल्याची लक्षणे आहेत, म्हणून मशीन १९३८ पूर्वीचे नाही. मॉडेल ९२ ची जागा मॉडेल ७२ ने १९३७ मध्येच घेतली होती, तेव्हा इंजिन मशीनपेक्षा जुने आहे. आता चौकट पाहावी : इंजिनाच्या भोकांच्या कडा रंगलेल्या असतील तर मूळचे इंजिन कधी तरी बिघडून त्याच्या जागी जुने बसवलेले असणार, आणि कडा उघड्या असतील तर हे मशीन मोटारीवरचे होते व इंजिन शोभेसाठी आले आहे. दोन्ही बाबतींत रूळ आणि टबाचे सील १९३८ नंतरच्या मॉडेलचे मागवायचे, आणि इंजिनाचे गॅस्केट व स्पार्क प्लग मात्र ९२ चे. सुटे भाग पुन्हा पुन्हा चुकीचे येण्याचे कारण बहुधा हेच असते की या दोन्ही गोष्टी एकाच सालाने मागवलेल्या असतात.

नोंद ठेवतानाही एकच साल लिहू नये. मशीनच्या आत, पाणी न लागणाऱ्या जागी, जाड कागदाची चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत लिहावा : ‘टब व गिअरबॉक्स : १९३८ किंवा नंतर, पेटंट क्रमांकावरून, इंजिन : मॉडेल ९२, १९३७ किंवा आधी, मूळचे नाही, पिळणी : कारखाना वेगळा, काळ अनिश्चित, वायरिंग : लागू नाही.’ अनुमान कशावरून काढले ते प्रत्येक ओळीत असावे, म्हणजे पुढे कोणाला जास्त माहिती मिळाली तर नेमकी कोणती ओळ बदलायची ते कळेल. विकताना हीच चिठ्ठी जाहिरातीत जशीच्या तशी द्यावी. भाव थोडा कमी येतो, पण इंजिन मूळचे नाही म्हणून मशीन परत येत नाही.